लाभ, दोन, तीन

परभणीच्या मोंढ्यात, मुंदडांच्या आडतीमागं,
पत्र्याखाली सोयाबीनची थप्पी,
थप्पीसमोर सतरंजी,
सतरंजीवर मी, माझा तंबोरा
आणि वीस वर्षं शिकवून जमलेला थोडा ताठा.

पहिल्या गुरुवारी सात जण आले.
मी नाद, श्रुती, स्वर, थाट असं ओळीनं सांगितलं.
दुसऱ्या गुरुवारी दोघं.
त्यातले गफूरमामू गुडघे दुखतात म्हणून टेकलेले.

‘त्यांना काय कळणार,’ संगीत मंडळाचे खजिनदार म्हणाले होते
वर्गणीची पावती फाडता फाडता.
मला राग आला होता.
पण पत्र्याखाली बसून मीही तेच म्हणत होते,
जरा शुद्ध शब्दांत.

तिसऱ्या गुरुवारी लवकर गेले, नुसती बघत बसले.
मारोती धुळगुंडे पोतं पाठीवर घेऊन
ट्रकच्या फळीवरून उतरतो,
काट्याशी उभा मापाडी ओरडतो,
लाभ… दोन… तीन…
इथं एक कुणी म्हणत नाही. एकाला लाभ म्हणतात.
पोतं थप्पीवर पडतं, धप्प,
आणि मारोती माघारी फिरतो,
हात सैल, पाठ मोकळी, पाय आपसूक हलके.

भरी. खाली.
बुवांनी मला हे समजवायला एक उन्हाळा घेतला होता.

मग म्हटलं, मारोती, तीनताल.
समेवर पोतं टाका, नवव्या मात्रेला माघारी फिरा.
तो हसला.
“मंजी आर्धी वाट वझं, आर्धी वाट वारं.
पर बाई, हमाली पोत्याची भेटती,
माघारी येण्याची न्हाई भेटत.”
यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हटलं, तालात भेटते.
खाली मोजली नाही तर सम सापडत नाही.

अनुसया खरात चाळणी घेऊनच बसते.
तुरीतले खडे निवडणारा हात
तिला रिकामा ठेवता येत नाही.
मी भीमपलास सांगत होते: चढताना रे आणि ध वर्ज्य.
“वर्ज्य मंजी?”
घ्यायचे नाहीत.
“अन् उतरताना?”
उतरताना घ्यायचे.
“मंग टाकले न्हाईत ते. बाजूला काडून ठिवलेत.”
आणि चाळणी पुन्हा हलू लागली.
इतकी वर्षं मी त्या शब्दाला सोवळं नेसवत होते.

जाताना तिनं तंबोऱ्यावर बोटानं टकटक केलं.
“ह्यो भोपळाच हाय की.”
हो.
“मंग घरचाच हाय.”

सगळं जमलं असं नाही.
गफूरमामू तार सप्तकात हमखास झोपतात.
दोन पोरं फक्त मोबाईल चार्ज करायला येतात.
आलाप लांबला की मारोती तोंडावर सांगतो,
“बाई, गाडं निघंना झालंय.”
कधीकधी त्याचं खरं असतं.

जानेवारीत सभागृहात मैफल होती.
मी नऊ पास मागितले, खजिनदारांनी पाच दिले,
शेवटच्या रांगेतले.
मारोतीनं इस्त्रीचा सदरा घातला होता,
अनुसयाच्या पदराला चाळणीचा धुराळा तसाच.

गायकानं तान घेतली, वळवली,
तिहाई टाकत समेकडं यायला लागला,
पहिल्या रांगेतल्या माना आत्ता डोलतील अशा बेतात,
तेवढ्यात मागून, मोंढ्याच्या पट्टीत,
समेच्या नेमक्या टोकावर:

“लाभ!”

सगळं सभागृह वळलं.
तबलजीला हसू आवरेना.
गायक क्षणभर बुचकळला, पुढचं आवर्तन उचललं,
पण आता त्याची नजर
शेवटच्या रांगेवर होती.

खजिनदार माझ्याकडं बघत होते.
मी नाही बघितलं.
मी नवव्या मात्रेची वाट बघत होते.